अप्पांची गाडी आणि पाणी समिती

चहा घ्या, खारी घ्या, पण एक अट आहे. माझं सांगून होईपर्यंत कुणीही मला 'पाणी समिती' म्हणून हाक मारायची नाही. माझा जो काही पोपट झाला ना, तो या दोन शब्दांपायी झाला, आणि तोही रविवारी सकाळी, अख्ख्या सोसायटीसमोर, भंगारवाल्याच्या साक्षीने!

मुलुंडला आमची तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग. लिफ्ट नाही. पाणी सकाळी सहा ते सव्वासात, बस. त्यानंतर कुणाच्या घरात नळ टपकला की माझं डोकं फिरतं. ऐकू येतं हो मला, भिंतीपलीकडचंही ऐकू येतं! म्हणून तर सगळ्यांनी एकमताने मला पाणी समितीची अध्यक्ष केलं. समितीत मी एकटीच आहे, ती गोष्ट वेगळी. प्रत्येक जिन्यावर माझ्या अक्षरातली पाटी आहे: 'नळ बंद केलात का? आदेशावरून, पाणी समिती.' लोक मागून हसतात. हसू देत. टाकी तर रिकामी होत नाही ना?

हा गुण आला अप्पांकडून. अप्पा म्हणजे माझे वडील, वय वर्षं एकोणऐंशी. लहानपणी उघडा नळ दिसला की आधी पाठीत धपाटा, मग चौकशी.

त्याच अप्पांची खाली पार्किंगमध्ये गाडी आहे. जुनी, कार्ब्युरेटरवाली. चोक ओढा, पाय दोनदा दाबा, देवाचं नाव घ्या, मग ती विचार करणार की आज जायचं का नाही! मी त्याच गाडीवर शिकले, पण चालवायचे अप्पाच. दुसऱ्या कुणाचा हात लागला की यांना ताप यायचा.

सात महिन्यांपूर्वी अप्पा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चालायचं, जिना उतरायचा. फिजिओवाली मुलगी आठवड्यातून तीनदा यायची, बिचारी गोड बोलून दमली. अप्पा काठी घेऊन हॉलमध्ये दोन फेऱ्या मारायचे आणि खुर्चीत बसायचे. "चालून जाऊ कुठे?" एवढंच म्हणायचे. बोलणं कमी, जेवण कमी. खरं सांगते, माझा जीव तुटायचा. माणूस डोळ्यांदेखत खुर्चीत विरघळत होता.

एक दिवस मी सहज बोलून गेले, "अप्पा, गाडी सुरू करते. तुम्ही जिना उतरा, आपण जुहूला बर्फाचा गोळा खायला जाऊ."

अप्पांनी मान वर केली. "कालाखट्टा?"

"दोन खा!"

त्या दिवशी त्यांनी सहा फेऱ्या मारल्या. सहा! मी आत जाऊन चक्क रडले.

आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीची नोटीस आली. ज्या गाड्या चालत नाहीत त्यांची पार्किंगची जागा जाणार. रविवारी सकाळी दहा वाजता गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणून दाखवा, नाहीतर उचलायची. आमचे सेक्रेटरी मेहताभाई माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. मी नोटीस तांदळाच्या डब्यात लपवली. अप्पांना कळलं असतं की गाडी जाणार, तर त्या काठीला पुन्हा कोण हात लावणार होतं?

शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या परबांना पकडलं. परबकाकांनी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. त्यांच्या मते जगातल्या अर्ध्या अडचणी कार्ब्युरेटरमुळे होतात आणि उरलेल्या मुंबईच्या हवेमुळे. त्यांनी जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, बॅटरी चार्ज करून लावली, प्लग पुसले.

"मार गो सेल्फ!"

मी सेल्फ मारला. खर्र, खर्र, खर्र… भुर्रर्र! झाली की हो सुरू! पाच मिनिटं धडधडत उभी होती. परबकाकांनी बॉनेटला नमस्कार केला. मी वर जाऊन अप्पांना सांगितलं, "गाडी एकदम झकास! उद्या अकराला तयार राहा. पण तोवर खाली यायचं नाही, सरप्राइज आहे!"

दुपारी मी गाडी धुवायला घेतली. नुसती धुतली नाही, तिला आंघोळच घातली म्हणा ना. काचा, टायर, सीट. सीटखाली हात घालून वर्षानुवर्षांचा कचरा काढला. शेंगदाण्याची टरफलं, पंचवीस पैशाचं नाणं, अप्पांचा हरवलेला चष्मा! जे हाताला लागलं ते पुसलं, आवरलं, जागच्या जागी केलं. आपल्याला अर्धवट काम जमत नाही.

रविवारी दहाला सगळी सोसायटी खाली. मेहताभाई घड्याळ घेऊन. फाटकाशी भंगारवाला टेम्पो घेऊन.

"हे काय, मेहताभाई? आधीच बोलावलंत?"

"नंदाबेन, फक्त भाव विचारायला आला आहे तो," मेहताभाई म्हणाले. भंगारवाल्याने गाडीकडे बघून मला नमस्कार केला. दहाव्याला भेटायला आल्यासारखा!

मी चोक ओढला, सेल्फ मारला. भुर्रर्र! टाळ्या! मी खिडकीतून हात हलवत फाटकाबाहेर पडले. गल्लीचा कोपरा आला आणि… फट्. फट्. गप्प.

पुन्हा सेल्फ. खर्र, खर्र. काही नाही.

पोरांनी ढकलत गाडी फाटकाशी आणली. परबकाका धावत आले. "भिया नको. जेटात कचरो अडाकलो आसतलो."

रस्त्यावर पेपर पसरला. कार्ब्युरेटर उघडला, फुंकला, पुसला, परत बसवला. काकांनी झाकणभर पेट्रोल वरून कार्ब्युरेटरमध्ये ओतलं.

"मार सेल्फ!"

भुर्रर्र! टाळ्या! मी मनात म्हटलं, आली बाई… फट्. गप्प.

असं तीन वेळा झालं. झाकणभर पेट्रोल, भुर्रर्र, टाळ्या, गप्प. तिसऱ्यांदा टाळ्यासुद्धा जपून वाजवल्या लोकांनी.

एवढ्यात फोन. अप्पा. "झालं का गं? येऊ खाली?"

"नको अप्पा! पाच मिनिटं!"

"आवाज बरा येत नाहीये. मी सांगू का एक…"

"काही सांगू नका! सगळं छान चाललंय!" मी फोन कट केला. शहाणी ना मी! गाडी ज्याची, तिची नस न् नस ज्याला माहीत, तो वरून विचारतोय सांगू का, आणि मी म्हणते नको.

आता सल्ल्यांना ऊत आला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, लिंबू बांधा. कुणी म्हणालं, ऊन लागलं असेल. डिसेंबरात! परबकाकांनी पंपाची नळी काढून तोंडाने ओढून बघितली.

"हयसर पेट्रोलच येना नाय!"

"संपलं असेल," मेहताभाई म्हणाले.

"कालच भरलंय!" मी म्हटलं. टाकीत काठी घातली. काठी चांगली वीतभर ओली. पेट्रोल टाकीत आहे, पण पुढे येत नाही.

"म्हणजे मधेच खंयतरी अडाकला," परबकाका म्हणाले.

आणि इथे, मंडळी, माझ्या डोक्यात वीज चमकली. अडकलं नाही. अडवलंय! काल सुरू होती, आज बंद. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत कुणीतरी गाडीला हात लावलाय! आणि पार्किंगची जागा कुणाला हवीय? भंगारवाला कुणी बोलावला?

मी पदर खोचला. तुम्ही मला तसं बघितलं नसेल, बघू पण नका. "मेहताभाई, हे मुद्दाम केलंय! ज्याने माझ्या गाडीचं पेट्रोल अडवलं, त्याने पुढे यावं! आत्ताच्या आत्ता! हात लावणारा इथेच उभा आहे, या गर्दीत, आणि तोंड वर करून मजा बघतोय!"

शंभर टक्के खरं बोलत होते मी. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

"बेन," मेहताभाईंचा चेहरा पडला, "मला तर माझ्या स्कूटरची डिकी पण उघडता येत नाही हो."

"नाटकं नकोत!"

"नंदे!"

मागून आवाज आला. सगळे वळले. मीही वळले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अप्पा उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कठडा, अंगात इस्त्रीचा शर्ट. दोन मजले. एकटे. सात महिन्यांत पहिल्यांदा!

"अप्पा! तुम्ही… एकटे उतरलात?"

"मग काय करू? तू फोन कट करतेस. गॅलरीतून बघतोय तासभर, माझी गाडी उघडून पेपरवर मांडून ठेवलीय. जीव राहीना." ते एक एक पाऊल टाकत आले. कुणी हात द्यायला पुढे गेलं की काठीने बाजूला सारायचे. गाडीपाशी येऊन दम खाल्ला आणि विचारलं, "सीटखालचा नळ कुणी बंद केला?"

"कसला नळ?"

"पेट्रोलचा. ड्रायव्हरच्या सीटखाली. पितळी. एवढासा."

मंडळी, मला आठवायला लागलं. पितळी… एवढासा… शनिवारी दुपारी… शेंगदाण्याची टरफलं, नाणं, चष्मा, आणि हो, काहीतरी नळासारखं हाताला लागलं होतं खरं. उघडं होतं. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, ते घट्ट बंद केलं होतं! सव्वासातनंतर उघडा नळ म्हणजे काय!

"अप्पा," मी विचारलं, "गाडीत नळ कशाला असतो?"

"चोरासाठी. पस्तीस वर्षांपूर्वी इथून गाड्या चोरीला जायच्या. वाकोल्याला एक मिस्त्री होता, त्याच्याकडून नळीत बसवून घेतला. नळ बंद असला तरी कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, चोर खूश होतो, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर बंद पडते. चोर तिथेच सापडतो. कुणाला सांगितलं नव्हतं. घरात सांगितलं की गावभर होतं."

"आणि सापडला का कधी?" मेहताभाईंनी विचारलं.

अप्पांनी गल्लीच्या कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "पस्तीस वर्षांनी सापडला. घरचाच निघाला."

काय हशा पिकला म्हणून सांगू! भंगारवाला टेम्पोला टेकून डोळे पुसत होता. परबकाका म्हणाले, "ह्या तर माझ्या ध्यानातच इला नाय," आणि त्यातून त्यांना जरा बरंच वाटलं, कारण कार्ब्युरेटर निर्दोष सुटला होता.

काकांनी नळी परत जोडली. मी सीटखाली हात घातला, नळ उघडला. खर्र, खर्र, खर्र, खर्र… भुर्रर्रर्र! आणि या वेळी थांबलीच नाही! कोपऱ्यापर्यंत गेले, वळवली, परत आणली. मेहताभाईंनी घड्याळ खिशात टाकलं. "पास! जागा तुमचीच."

मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. काय करणार, आरोपही सगळ्यांसमोरच केला होता ना! ते म्हणाले, "माफी राहू दे बेन, गोळा कुठे मिळतो सांगा." मग काय, अप्पा पुढे, मेहताभाई आणि परबकाका मागे, आणि निघालो जुहूला. अप्पांनी दोन कालाखट्टा खाल्ले. जीभ जांभळी करून मला म्हणाले, "उद्यापासून रोज खाली उतरणार. गाडी तुझ्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही."

आणि उतरतात हो, रोज! फिजिओवाली विचारते, काय जादू केलीत? मी विषय बदलते.

पण सोमवारी मी गाडीत बसले तर सीटखालून पुठ्ठ्याचा एक तुकडा लोंबत होता. नळाला सुतळीने बांधलेला. वर अप्पांचं थरथरतं, पण ठसठशीत अक्षर:

'हा नळ कृपया उघडाच ठेवावा. ही सूचना फक्त पाणी समितीसाठी.'