अण्णांनी काढलेली रेघ

अण्णांनी कुठलीही मोटार कधी उभ्याने बघितली नाही. रस्त्यात एखादी चांगली गाडी उभी दिसली की ते धोतर सावरून उकिडवे बसत, मान तिरकी करत आणि चाकाच्या उंचीवरून तिच्याकडे बघत राहत. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या लोकांना याची सवय झाली होती. "उभ्याने नुसता टप दिसतो," ते म्हणत. "गाडी बघायची तर खालून."

साठ सालच्या सुमारास मी इंजिनिअर होऊन चिकोडीहून बंगळूरला नोकरीला आलो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. अण्णांकडे मागची खोली भाड्याने मिळाली. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं त्यांचं घर. बोलण्यात मराठीबरोबर कन्नड सहज येई. अण्णा बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते, आता घरामागच्या शेडमध्ये हौसेने मोटारींच्या बॉड्या करत. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि मला 'बी.ई.' म्हणू लागले. त्या हाकेत थट्टा होती, पण मला वाटतं, थोडा अभिमानही होता. परक्या गावात तेवढ्यानेही मला बरं वाटे.

तेव्हा शेडमध्ये शर्यतीच्या गाडीचा एक सांगाडा होता. कॉफीच्या मळेवाल्याचा एक तरुण मुलगा तो इंजिनासकट ठेवून गेला होता. अण्णा दोन वर्षं त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून चढवत होते. पुढच्या नाकापासून मागच्या शेपटापर्यंत एकच रेघ, कुठेही न अडखळणारी. पाण्याखालून पोहत जाणाऱ्या माणसाच्या पाठीसारखी. रोज सकाळी ते गाडीवर बादलीभर पाणी ओतत आणि ओल्या पत्र्यावरून उजेड कसा सरकतो ते बघत. उजेड जिथे थबकेल तिथे पुन्हा हातोडी.

"गाडीला रोज आंघोळ," अण्णांच्या पत्नी अक्का स्वयंपाकघरातून ओरडत, "आणि स्वतःला हाका माराव्या लागतात!"

आतलं काम त्यांनी तितक्याच मायेने केलं. गोल काट्यांच्या तबकड्या, लाकडी स्टिअरिंग, डाळिंबी रंगाच्या कातडी सीटा. रंग अक्कांनी निवडलेला. "माणूस आधी बसवायचा, बी.ई., मग त्याच्याभोवती गाडी," असं ते मला बजावत. सीटचं माप घ्यायला ते स्वतःच सांगाड्यात बसत आणि मी खडूने खुणा करत असे.

गाडी तयार झाल्याचं कळल्यावर तो मुलगा आला. आत बसला, आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगमध्ये अडकले. तो सहा फुटांच्या वर, अण्णा पाच फूट तीन इंच.

"पहिल्या दिवशी आपल्या चौकटीला डोकं आपटलं होतं की त्याचं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही बघितलं नाही?"

"मी इंजिन बघत होतो," अण्णा हळूच म्हणाले.

मुलगा भला होता. "परवा इल्ला अण्णा, चालेल. इतकी सुंदर झालीय, मी वाकून चालवीन."

सीट मागच्या भिंतीला टेकलेली होती. स्टिअरिंग वर घ्यायचं तर डॅशबोर्ड वर जाणार, आणि डॅशबोर्ड वर गेला की त्याच्यावरचा पत्राही. म्हणजे रेघेच्या ऐन मध्यावर उंचवटा. अण्णा बराच वेळ गाडीपाशी उकिडवे बसून राहिले.

"तो वाकून चालवतो म्हणतोय ना," मी म्हणालो.

"वळणावर वाकलेला माणूस रस्ता बघेल की गुडघे?" ते उठले. "कातर आण."

पहिला काप त्यांनी स्वतः दिला. पत्रा कापल्याचा तो आवाज अक्कांनाही ऐकवेना. त्या आत निघून गेल्या. पुढचे काही आठवडे मुलगा आमच्याकडेच राहिला. त्याला सांगाड्यात बसवून अण्णांनी सगळं पुन्हा बांधलं. तो उंचवटा त्यांनी जमेल तितका मऊ केला, पण तो दिसायचाच. बादली मात्र त्यांनी पुन्हा उचलली नाही.

पुढे नोकरीत मी कित्येक यंत्रांच्या केबिनी आखल्या. प्रत्येक वेळी चालवणाऱ्याला आधी बोलावून समोर बसवलं. अण्णांचं एवढं ऋण मी जन्मभर वागवलं.

गाडी जायच्या दिवशी मुलगा म्हणाला, "अण्णा, बसा. एक चक्कर मारू." अण्णा नको म्हणत होते, अक्कांनी ढकललं. गल्ली दणाणून गेली. दहा मिनिटांनी गाडी परत आली, अण्णा उतरले, आणि गाडी मळ्याच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी झाल्यावर अण्णा ओट्यावर टेकले. केस पार विस्कटलेले.

"अगं," ते अक्कांना म्हणाले, "आत बसलं की रेघ दिसतच नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या, "मग दोन वर्षं बाहेर कशाला बसला होतात?"

आणि अण्णा इतके हसले की डोळे पुसायला त्यांना धोतराचा सोगा घ्यावा लागला.