बस्त्यावसरांचा एकच प्रश्न

आमच्या रविवारच्या लेखक मंडळात लिखाण थोडं आणि किस्से ढीगभर. कथा अर्ध्यावर सुटतात, त्यांच्यावरून झालेली भांडणं मात्र पूर्ण होतात. मी स्वतः एक ओळ लिहीत नाही. आचोळ्याहून स्कूटरवर विरारजवळच्या निर्मळ गावी येते, सगळ्यांचं ऐकते आणि मनात येईल ते बोलते. मूळची कोकणातली, त्यामुळे तोंड फटकळ. मंडळात असं एक माणूस लागतंच.

बसतो आम्ही बस्त्यावसरांच्या ओट्यावर. सर म्हणजे रिटायर्ड मास्तर, घरामागे त्यांची केळीची वाडी. कथा कोणाचीही असो, वाचून झाली की सर चष्मा काढणार आणि विचारणार, "कोणी बघत नसताना हा माणूस काय करतो?" झालं. लिहिणाऱ्याचं तोंड उतरलंच म्हणून समजा.

या प्रश्नाने सगळ्यात जास्त छळलं ते फिलोमिनाला. निर्मळचीच सून, मोगऱ्याची वाडी सांभाळून तिने कादंबरी लिहायला घेतली होती. गावच्या चर्चच्या सणाला सगळ्यांसमोर तिला त्यातलं एक प्रकरण वाचायचं होतं. कादंबरीत एक कजाग सासू, आणि पहिल्या रांगेत बसणार घरची खरी सासू, मार्थाआजी! आहे तसं वाचलं तर घरात बोलणं बंद. गोड करून वाचलं तर इतक्या वर्षांची मेहनत खोटी. बिचारीची झोप उडाली होती.

*

प्रश्नाचा पहिला बळी जाधवसाहेब. सरकारी नोकरीतून रिटायर, विरारला फ्लॅट. त्यांचा नायक इतका सज्जन, की पानोपानी कोणाला तरी हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

साहेब भडकले. "एकटा कशाला असेल तो? नायक आहे!"

"अहो, आंघोळीला तरी एकटा जात असेल," मी म्हटलं.

*

पण साहेब हट्टी. पुढच्या खेपेला गुंडाची कथा घेऊन आले. हा गुंड दिवसभर लोकांना दम देतो, आणि घरी एकटा असला की कुंडीतल्या मिरचीच्या रोपाची माफी मागतो, पाणी घालायला उशीर झाला म्हणून. आम्ही सगळे त्याच्या प्रेमात पडलो. शेवटी पोलीस दारात येतात, आणि तिथेच साहेब वाचायचे थांबले.

"पुढे?" सरांनी विचारलं.

"पुढे काय? मलाच त्याला पकडून देववेना. मागच्या दाराने सोडलाय."

सबंध नोकरीत या माणसाने एक फाईल वाकडी सरकवली नव्हती. त्या दिवशी आम्ही त्यांना दोन वेळा चहा पाजला.

*

स्नेहा अंधेरीला नोकरी करते. तिची प्रेमकथा, नायक अगदी लोण्याचा गोळा. तो कुठून आला ते आम्हाला माहीत होतं. तिला एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर गोड गोड बोलायचा. सरांनी प्रश्न विचारला आणि स्नेहाने वही मिटली.

नंतरच्या एका रविवारी आली ती हसतच. झालं होतं असं, की कॉल संपला असं त्या मुलाला वाटलं, पण संपला नव्हता. फोन टेबलावर तसाच उभा, आणि महाशय चहा गार झाला म्हणून आईच्या अंगावर खेकसतायत. हिने ते जसंच्या तसं कथेत घातलं आणि नायिकेकडून नकार देववला.

"कथा झकास जमली," सर म्हणाले. "आणि त्या स्थळाला काय कळवलंस?"

"काही नाही सर. कथाच पाठवली."

*

एकदा मी सरांनाच धरलं. "सर, कोणी बघत नसताना तुम्ही काय करता?"

सर दाढी खाजवत बसले. उत्तर आतून आलं, त्यांच्या बायकोकडून, मातिल्दाबाईंकडून. "काय करणार? वाडीत जाऊन केळींना शिकवतात. काल एका केळीला ओरडत होते, वाकून का उभी राहिलीस म्हणून."

मला वाटलं, आता सर चिडणार. ते शांतपणे म्हणाले, "आज सरळ उभी आहे की नाही, ते बघून ये."

*

फिलोमिनाचं मात्र अडलेलंच. सण चार दिवसांवर आला आणि ती रडकुंडीला आली. "आईंना एकटं बघणार कसं सर? मी खोलीत गेले की त्या एकट्या राहतच नाहीत."

"बघायचं नाही. लिहायचं," सर म्हणाले.

तिने लिहिलं, पण आम्हाला दाखवलं नाही. "सगळं मनाने रचलंय, एक अक्षर खरं नाही," एवढंच म्हणाली.

सणाच्या संध्याकाळी चर्चचा हॉल भरला होता. मार्थाआजी लाल लुगड्यात, पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. फिलोमिना उभी राहिली आणि वाचायला लागली. प्रकरणातली सासू सुनेच्या उंच टाचांच्या सँडलवरून तिला घालून पाडून बोलते, "आली घोडी टापा वाजवत." लोक हसत होते आणि चोरून आजींकडे बघत होते. मी मनात म्हटलं, गेली ही पोर कामातून.

मग फिलोमिनाने पान उलटलं. रविवार सकाळ. सगळे चर्चमध्ये मिस्साला गेलेत, सासू गुडघा दुखतो सांगून घरी राहिलीय. ती खाटेखालून सुनेचे सँडल ओढून काढते. पायात घालते. भिंत धरून आरशापर्यंत जाते, लुगडं जरा वर उचलून आपलेच पाय बघते आणि हसते. परत येताना भिंत धरत नाही. मग पदराने सँडल पुसून होते तसे ठेवून देते.

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला. सर डोळे पुसत होते. मी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या पिटल्या. जिंकली आमची फिलोमिना!

एवढ्यात मार्थाआजी उठल्या. टाळ्या थांबल्या. आजींनी सुनेकडे बघितलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मी तर आतून कडी लावली होती. तुला कोणी सांगितलं?"