खाली बसता येणं

अप्पांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. समोरच्या स्टुलावर केळीचं पान, त्यावर पिंड. आमचे भटजी, ज्यांना आम्ही इथल्या तमिळ रिवाजाप्रमाणे वाध्यार म्हणतो, ते जमिनीवर बसून मान वर करकरून मला मंत्र सांगत होते. श्राद्ध घालणाऱ्यानं खरं तर भुईवर बसायचं असतं आणि वाडवडिलांना पाणी देताना डावा गुडघा जमिनीला टेकवायचा असतो. माझा गुडघा कसाबसा टेकला असता, पण मग मला तिथून उठवायला माणसं बोलवावी लागली असती. म्हणून खुर्ची. वाध्यार भला माणूस, "चालतं, चालतं," म्हणत राहिले. आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. सगळे गेल्यावर पानं उचलताना एवढंच म्हणाली, "पाहुण्यासारखं बसून वाढलंस की रे बापाला."

पुढे मी वजन उतरवायला पोटाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा लोकांना कारणं सांगितली साखरेची, गुडघ्यांची, झोपताना नाकावर लावाव्या लागणाऱ्या यंत्राची. ती सगळी खरीच होती. पण डॉक्टरसमोरच्या खुर्चीत बसताना माझ्या कानात आईचं ते वाक्य होतं. मला भुईवर बसायचं होतं आणि कुणाचा हात न धरता उठायचं होतं. बाकीचं मिळालं असतं ते वर.

आम्ही तंजावरकडचे मराठी. चेन्नईत टी. नगरच्या मागच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानांचा गोंगाट जेमतेम ऐकू येईल इतक्या अंतरावर, तळमजल्यावर राहतो. आमचं घरातलं मराठी ऐकून पुण्याच्या ऑफिसातली मंडळी तोंडावर हात धरून हसायची. हे लिहायचं मराठी मी तिथल्या नोकरीच्या वर्षांत शिकलो, थोडं प्रेमानं आणि बरंचसं रागानं.

अप्पाही माझ्यासारखेच जाडे. म्हणजे मी त्यांच्यासारखा. बापलेकांचं प्रेम बहुतेक पानावरच चालायचं. संध्याकाळी दोघं फिरायला म्हणून निघायचो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात तूप घातलेल्या पोंगलसमोर थांबायचो. एकदा त्यांची चप्पल दाराबाहेर उलटी पडली होती. ती सरळ करायला त्यांना वाकता येईना आणि मलाही येईना. दोघं उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेवटी आईनं येऊन ती पायानं सरळ केली. आता आठवलं की हसू येत नाही.

रोज सकाळी आई दारापुढे सडा घालून तांदळाच्या पिठानं कोलम काढायची. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, पण ठिपक्यांभोवती वळत जाणारी एकसलग रेघ. आणि रोज सकाळी अप्पा फिरायला निघाले की नेमके त्यावर पाय देऊन जायचे. पोटामुळे त्यांना स्वतःची पावलंच दिसायची नाहीत, तर कोलम कुठून दिसणार? "पायाखाली पाहा की!" आई ओरडायची. "पाहतों," म्हणून ते जायचे. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची पांढरी पावलं उमटलेली असायची. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदयावर इतकी वर्षं ताण होता, असं नंतर कळलं.

ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून करतात, त्यामुळे वरून फार काही दिसत नाही. आत पोट मात्र एवढंसं उरतं. वजन असं उतरत गेलं की जुन्या पँट मला हसू लागल्या. पण त्याबरोबर केस गेले, गालफडं बसली, दंडावरची कातडी लोंबू लागली आणि पायातलं बळही आटत गेलं. मी हलका झालो होतो, तरी खाली बसलो की उठता येत नव्हतं. याचा मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. एवढं सगळं कशासाठी केलं होतं?

डॉक्टरीणबाई शांत होत्या. चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणाल्या, व्यायाम केला नाहीत तर वजन हळूहळू परतही येईल. मी विचारलं, कुठला व्यायाम? त्या म्हणाल्या, "पिडिच्चदु." म्हणजे आवडेल तो. मला व्यायामात आजवर काहीही आवडलेलं नव्हतं. शाळेत मला पळायला लावत ते शिक्षा म्हणून, आणि बाकीची मुलं बघायला उभी राहत.

बायकोचं ऑफिस पेरुंगुडीला. त्या इमारतीच्या खालीच एक जिम होतं, तिथे तिनं मोठ्या हौसेनं माझं नाव घातलं. चारी भिंतींना आरसे. जिकडे पाहावं तिकडे मीच, आणि कानाचे पडदे फाटतील असं संगीत. पट्ट्यावर चालत राहायचं आणि कुठंही पोचायचं नाही, याची मला शिसारी आली. मग पोहण्याचा तलाव झाला. पाण्यात बरं वाटायचं, पण काठावर सदरा काढणं जिवावर यायचं. लोंबती कातडी लोकांनी पाहू नये म्हणून मी सगळे निघून जायची वाट बघत बसायचो. बीचवर चालायला जाऊ लागलो तर रोज कुणीतरी ओळखीचं भेटायचं आणि किती उतरलं हे विचारायचं, जणू मी उतरलेलं त्यांच्या घरी पोचवायचं होतं. तेही सोडलं. बायकोनंही हात टेकले हे मला दिसत होतं. दुसरं श्राद्धही खुर्चीवरच झालं.

त्यानंतर आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, सळई घातली, वॉकर आला. वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

ती दवाखान्यातून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी कंपनीची बस पकडायला निघालो, तर आई दारात खुर्ची टाकून बसलेली. पुढची जागा कोरडी, मोकळी. फुलवाली तिथं थबकली आणि आवाज खाली आणून तिनं तमिळमध्ये विचारलं, घरात काही झालं का? आमच्या गल्लीत कोलम नसलेल्या दाराचे दोनच अर्थ. एक तर घरात कुणी गेलेलं असतं, नाहीतर कुणा गेलेल्याची तिथी असते. पितर यायचे त्या सकाळी दारात कोलम घालत नाहीत. ते जेवून गेले की मग घालतात. आई फुलवालीला म्हणाली, काही नाही, माझंच हाड मोडलं. आणि मग रडू लागली. पडल्यावर रडली नव्हती, ऑपरेशनला रडली नव्हती.

संध्याकाळी बायकोनं बाजारातून स्टिकरचा कोलम आणला. आईनं नाक मुरडलं. "मुंग्यांनी काय प्लॅस्टिक खावं?" एवढं विचारून तिनं तो परत केला.

दुसऱ्या दिवशी मी बादली घेतली, सडा घातला, पिठाचा डबा घेऊन खाली बसलो. डोकं खाली करून वाकलं की मला गरगरायचं, म्हणून उकिडवा. आई खुर्चीतून सांगत होती, मी ठिपके ठेवत होतो. ते इतके वाकडे पडले की तिनं कपाळाला हात लावला. "ओकलास की रे पीठ!" शेजारच्या जिन्यावरून कुणीतरी खुदकन हसलं. पुरुषानं दारात कोलम काढणं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. झाल्यावर उठायला गेलो तर उठवेना. फाटकाची सळई धरून, तोंड लालबुंद करून, एकदाचा उभा राहिलो. कोपऱ्यावर ओरगडमला जाणारी आमची बस थांबली होती आणि खिडकीतून अख्खी बस माझ्याकडे पाहत होती. ट्रकच्या कारखान्यात हाताखाली माणसं असलेला मी, गुडघ्याला पीठ लावून बसमध्ये चढलो.

पण दुसऱ्या दिवशी परत बसलो, आणि तिसऱ्याही. रेघ कशी सोडायची हे बोटांना हळूहळू कळू लागलं. अंगठा आणि दोन बोटांमधून पीठ धारेनं सुटतं. हात थांबला की ढीग होतो, घाई केली की तुटतं. वळण घ्यायला पुढे सरकावं लागतं, बाजूला वळावं लागतं, उठून दुसऱ्या अंगाला जाऊन पुन्हा बसावं लागतं. कोलम मोठा तितकं उठणं-बसणं जास्त. मांड्या भरून यायच्या, घाम निथळायचा, आणि माझ्या ते ध्यानातही यायचं नाही, कारण माझं लक्ष रेघेवर असायचं. ती सगळ्या ठिपक्यांना वळसे घालून निघाली तिथंच परत आली पाहिजे. आली की मला मजा वाटायची. अगदी लहान मुलासारखी, निखळ मजा. या शरीरानं आजवर मला लाजच आणली होती. आता त्याच्या हातून रोज काहीतरी देखणं होत होतं.

नंतर मुंग्या यायच्या, खारी यायच्या. मला आता दोन-चार घास भात पुरतो. ज्या तांदळावर आम्ही बापलेक जगलो तो मी मुंग्यांना वाढतोय, असं मनात यायचं. तेवढ्यात आई मागून म्हणायची, "डावीकडचं पाहा, फुगलं."

कधीतरी फाटकाची सळई सुटली. कोणत्या सकाळी ते आठवत नाही. मी उठलो, बादली घेऊन आत गेलो आणि चहा घेताना लक्षात आलं की हात कुठं लावलाच नव्हता. बायकोला सांगितलं. ती ऑफिसला निघाली होती; पर्स खाली ठेवून म्हणाली, पुन्हा बस बघू. मी बसलो, उठलो. ती डोळे पुसत निघून गेली.

अप्पांची तिसरी तिथी आली. वाध्यारांना मी आधीच सांगून ठेवलं, खुर्ची नको. रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी उठलो, आंघोळ केली, बादली घेतली आणि दारात गेलो. हात आपोआप चालू लागला. मला इतकं बरं वाटत होतं की मी आजवर काढला नव्हता एवढा मोठा कोलम घातला, फाटकापर्यंत. रेघ परत आली. उभा राहून पाहत होतो तेवढ्यात मागून वॉकरची खटखट ऐकू आली आणि थांबली.

"आज?" आई म्हणाली.

खुर्ची सोडायच्या नादात मी बापाच्या वाटेतच कोलम घातला होता. गल्लीच्या तोंडाशी वाध्यारांची स्कूटर वळताना दिसली. मी पाणी ओतलं, भुईवर बसलो आणि दोन्ही हातांनी तो पुसू लागलो. पीठ सिमेंटच्या भेगांतून निघेना. वाध्यार पिशवी धरून एका बाजूला उभे राहिले आणि उगाच आभाळाकडे पाहू लागले. आई दाराला धरून उभी होती. पुसून झालं तरी तिथं फिकट पांढरं काहीतरी राहिलंच.

विधी झाला. मी भुईवर बसलो, डावा गुडघा टेकवला, तीळपाणी सोडलं, पिंड ठेवले. प्रत्येक वेळी आपल्या पायांवर उठलो. ज्याची दोन वर्षं वाट पाहिली ते मला करता आलं, आणि मला काहीच वाटत नव्हतं. डोक्यात फक्त ती दारातली ओली जागा होती. आई या खेपेला स्वयंपाकघरात गेली नाही. भिंतीशी खुर्चीत बसून शेवटपर्यंत पाहत होती. कावळा चटकन आला. ब्राह्मण जेवले, गेले. मी अप्पांच्या आवडीच्या उडदाच्या वड्याचा एक तुकडा कसाबसा खाल्ला आणि हात धुतला.

आई दारात जाऊन खुर्चीत बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि जे बोलायचं होतं ते एकदाचं बोललो. म्हणालो, आई, एवढं करून शेवटी मी त्यांची वाट अडवली.

तिनं त्या फिकट पांढऱ्या जागेकडे पाहिलं.

"कसली वाट अडवतोस," ती म्हणाली. "त्यांना पायाखालचं कधी दिसलं होतं? तुडवून आले असतील."

आणि ती हसू लागली, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मला हसता येईना. मी तिथंच उभ्या उभ्या हुंदके देऊन रडलो, ते गेले तेव्हाही रडलो नव्हतो तसा. तिनं मला रडू दिलं. मग डबा माझ्या पुढे केला.

"अत्ता घाल," म्हणाली. मी खाली बसलो.