आक्कासाठी आणलेलं तळं

नव्या फ्लॅटच्या भिंतीसाठी एखादं जुनं छापील चित्र घ्यावं म्हणून परवा मंगळवार पेठेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एका फ्रेमवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, तसा दमट कागदाचा आणि लाकडाचा वास आला. अगदी कोडोलीच्या आमच्या लहानपणच्या घरातला.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा आजारी होती. तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. आमच्या वडिलांनी, आबांनी, तिच्यासाठी कोल्हापुरातून असंच एक चित्र आणलं होतं. निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर, काठाला एक होडी. नेहमीच्या उंचीवर ते खिळा मारायला लागले, तशी आक्का म्हणाली, "आबा, खाली लावा की. मला पडून कसं दिसंल?"

"इतक्या खाली कोण लावतंय व्हय? पावणं हसतील," आई म्हणाली.

"हसूद्यात," म्हणत आबा जमिनीवर बसले आणि तिच्या खाटेच्या उंचीला त्यांनी खिळा ठोकला.

त्याच वर्षी आक्का गेली. चित्र मात्र आबांनी कधी वर घेतलं नाही. शेतातून आले की ते तिच्या खाटेवर, चित्राच्या भिंतीकडे तोंड करून पडायचे. दमून झोपलेत असं वाटून मी गुपचूप बाहेर खेळायला जायचो. ते झोपलेले नसायचे, हे मला परवा त्या दुकानात कळलं.