शेंद्र्याच्या फाट्यावरचा नैवेद्य

दहावीच्या वर्षी माझी देवावरची श्रद्धा उडायला आली होती, आणि त्याला कारण घरातले सर्वांत देवभक्त माणूस, माझे आजोबा. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, ही आबांची जुनी शिस्त. आता नैवेद्य दाखवल्याचंच त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. मला भरल्या ताटावरून उठवायचे. शाळेला निघताना दप्तरातून डबा काढून घ्यायचे.

"देवाला दाखवला का?"

"आबा, आत्ताच दाखवलाय. तुम्हीच."

"लबाड बोलू नको."

दिवसातून पाच-सहा वेळा हेच.

डॉक्टरांनी सांगितलेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द मला पाठ होता. वर्गात कोणी विचारलं असतं तर अर्थही सांगितला असता. तरी आतून वाटायचं, हा माणूस मुद्दाम करतोय. मैत्रिणींना मी सांगायचे, आजोबांना कमी ऐकू येतं. रोज संध्याकाळी देवाकडे एकच मागणं: यांना पूर्वीसारखं कर, नाहीतर... पुढचं वाक्य मी पूर्ण करत नसे.

एका सकाळी त्यांनी तिसऱ्यांदा डबा उघडायला लावला. मी तो हिसकावून घेतला आणि निघाले. आबा एकटे बाहेर पडू नयेत म्हणून फाटकाची कडी लावणं माझं काम होतं. ती मी लावली नाही. विसरले नव्हते.

दुपारी परतले तेव्हा आबा घरात नव्हते. वडील आमचं चिकलठाणा गाव पालथं घालून आले होते. आबा करमाडच्या आमच्या जुन्या शेताकडे निघाले असावेत, एवढाच अंदाज. मी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. आईने आबांच्या खिशाला आतून घरचा नंबर शिवून ठेवला होता.

जालना रोडवर, शेंद्र्याच्या फाट्याला पंक्चरचं दुकान होतं. वडील आणि मी पोचलो तेव्हा आबा तिथं बाकावर बसले होते. दुकानदार चाचांसमोर त्यांचा स्वतःचा डबा उघडा, भाकरी वाळलेली.

"तुम्ही अजून जेवला नाहीत?" वडिलांनी चाचांना विचारलं.

"हे बाबा खाऊ देतेत व्हय? चार बार पाणी फिरवलं डब्याभोवती. हात लावला की म्हणतेत, थांब, देवाचं राहिलं."

"झालं म्हणून सांगायचं."

"त्यांच्या लेखी नाय झालं ना. म्हटलं, दाखवा बाबा. घास उशिरा गेला तर मरतो का मी?"

ते हसत होते. ज्या दोन मिनिटांसाठी मी वर्षभर भांडले, तिथं या अनोळखी माणसाने उपाशीपोटी तासभर दिला होता.

परतताना मी वडिलांना कडीचं सांगितलं. घरी पोचल्यावर फाटकाची कडी त्यांनी स्वतः लावली.

त्या चाचांना तिथं देवाने बसवलं की योगायोगाने, यावर मी वाद घालत नाही, उपकार मानते. आबा पूर्वीसारखे झाले नाहीत. पुढच्या वर्षी ते माझं नावही विसरले. माझी चिडचिडही संपली नाही, खोटं कशाला सांगू? पण देवाकडे त्यांच्याबद्दल मागणं मी थांबवलं. आबांनी विचारलं की मी म्हणायचे, "राहिलाय, आबा." मग ते डोळे मिटून ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि मी हात जोडून उभी राहायचे. कितव्यांदा, ते मोजणं मी सोडून दिलं होतं.