शून्याचा दाखला

नाशिकरोडच्या त्या कॉलेजात कोंडाजी गांगुर्डेला सगळे ‘मामा’ म्हणत. तसे कॉलेजातले सगळे शिपाई नि अटेंडंट मामाच असतात, पण ह्या मामाचा तोराच निराळा. बाप एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर राबला, पोरगा ग्रंथालयात लागला आणि एकतीस वर्षं तिथेच मुरला. पुस्तकाचा नुसता रंग सांगा, हा बरोबर त्या कपाटापुढे जाऊन उभा. मामा ‘नाही’ म्हणाला की नाही! प्राध्यापकसुद्धा पुढे विचारायचे नाहीत.

आता अशा माणसाला तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरपुढे बसवलंत तर तो काय करणार? ग्रंथपाल उज्वला मॅडमनी ऑनलाइन डेटाबेस कसा वापरायचा ह्याचं तीन दिवसांचं शिबिर लावलं. देशोदेशीचे संशोधन-निबंध एका खिडकीत, शब्द टाकायचा आणि शोधायचं. कोंडाजीने पहिल्या दिवशी मागच्या बाकावर डुलकी काढली. दुसऱ्या दिवशी हजेरीवर सही ठोकून तो चहाला गेला, तो गेलाच. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मात्र दोन्ही हातांनी घेतलं. “त्यात काय शिकायचंय? शब्द टाकायचा नि बटण दाबायचं. पोरंटोरं करतात!”

त्या कॉलेजात एक रीत होती. पीएच.डी.चा विषय समितीपुढे मांडायच्या आधी ग्रंथालयाचा दाखला लागे: अमुक विषयावर शोध घेतला, इतकं संशोधन आढळलं. खाली सही, शिक्का. आणि हे दाखले कोंडाजीच लिहायचा.

चैताली भोये तिकडे पेठच्या डोंगरातली. तिची आई, झुंबरबाई, दरसाल दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला उतरायची, आणि चैतालीची शाळा दर हंगामात अर्धी राहायची. त्या पोरीने विषयही तोच घेतला होता: बागेत उतरणाऱ्या बायका आणि त्यांच्या मुलांची शाळा. दाखल्यासाठी ती टेबलाशी आली तेव्हा कोंडाजीची जेवणाची वेळ झाली होती. त्याने तिने दिलेले इंग्रजी शब्द टाकले, बटण दाबलं. खिडकीत आलं शून्य.

“काहीच नाय?” चैतालीने विचारलं.

“काहीच नाय. मी बघितलंय ना!”

पोरगी उड्या मारायची तेवढी राहिली. संशोधनात शून्य म्हणजे लॉटरी! तिच्याआधी ह्या वाटेने कुणी गेलंच नाही, असा त्याचा अर्थ. कोंडाजीने दाखला लिहिला, झोकात सही केली आणि डबा उघडला.

समितीच्या दिवशी प्रोजेक्टर लावायला कोंडाजीच होता. चैताली छान बोलली. आईचं बोलली, अर्ध्या राहिलेल्या वर्गांचं बोलली, आणि शेवटी म्हणाली, “ह्या विषयावर आजवर संशोधन झालेलं नाही.” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आपला लॅपटॉप उघडला, दोन मिनिटं खटखट केली आणि त्याचा पडदा तिच्याकडे फिरवला. “सदतीस निबंध आहेत, ताई. त्यातले सहा तर ह्याच जिल्ह्यावरचे. एवढं तरी बघून यायचं.”

“सर, ग्रंथालयाचा दाखला आहे,” चैताली म्हणाली. आवाज पार खाली गेला होता.

“संशोधन तुम्ही करणार की ग्रंथालय? आपला आळस दुसऱ्याच्या शिक्क्याआड झाकू नका.”

तेव्हा तिने कोंडाजीकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही हो. हा आता काहीतरी बोलेल, अशा भरवशाने. आणि कोंडाजी काय करत होता? नीट लागलेली वायर पुन्हा पुन्हा घट्ट करत होता. एकतीस वर्षं ज्याची जीभ कात्रीसारखी चालली, तो तोंडात मूग धरून खाली बसला होता. प्रस्ताव ‘अपुरा अभ्यास’ म्हणून नामंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दार लोटून घेतलं आणि तेच शब्द पुन्हा टाकले. शून्य. पुन्हा टाकले. शून्य. चष्मा पुसून पडदा नीट निरखला तेव्हा डाव्या बाजूला, बारक्या अक्षरांत, एका चौकटीत टिक दिसली: रसायनशास्त्र. त्या खुर्चीवर रसायनाचे एक सर रोज सकाळी बसायचे, त्यांनी आपल्या सोयीने केलेली टिक तशीच राहिली होती. म्हणजे हा गडी बागेतल्या बाया रसायनशास्त्रात शोधत बसला होता. किराणा दुकानात जाऊन चप्पल मागायची, आणि नाही मिळाली की गावात चपलाच नाहीत म्हणून लिहून द्यायचं! त्याने टिक काढली. सदतीस. एकाखाली एक, सदतीस.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. घरी बायकोने, मीनाने, विचारलं, “जेवणात मन का नाय तुमचं?” तर तिच्यावरच खेकसला.

मग तो उज्वला मॅडमकडे गेला. “मॅडम, मला ते पहिल्यापासून शिकवा.”

“मामा, तुम्ही तर प्रमाणपत्र घेतलंय की!”

“घेतलंय. येत काय नाय.”

एवढंच कबूल केलं. पुढचं पोटातच ठेवलं, लबाडाने. पण शिकला मात्र जीव तोडून. दोन शब्द जोडून कसं शोधायचं, अवतरणात कधी घालायचं, वर्षांची मर्यादा कशी काढायची, एका निबंधाच्या मागच्या यादीतून दहा निबंध कसे गाठायचे, सगळं वहीत उतरवलं. कुणी खुर्चीवर बसलं की हा आधी पडद्याची डावी बाजू मोकळी करून द्यायचा. आठ महिन्यांत प्राध्यापक त्याला विचारायला यायला लागले. चैताली मात्र फिरकली नाही. सिन्नरच्या एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत लागली, असं कानावर आलं. प्रत्येक नवा निबंध सापडला की कोंडाजीला तिचीच नजर आठवायची, आणि लोक म्हणायचे, मामा, कमाल आहे तुमची!

वार्षिक समारंभात प्राचार्यांनी त्याला शाल नि नारळ दिला. “ह्या वयात शिकण्याची ही जिद्द!” म्हणाले. माईक हातात आला आणि कोंडाजीला राहवेना. “ही जिद्द नाय, सर. माझ्या हातून एका पोरीचं नुकसान झालं. मला येत नव्हतं नि मी येतं म्हणालो. खोटा दाखला दिला. ती उभी होती तेव्हा मी गप्प बसलो.”

आणि मग, अहो काय सांगू, टाळ्या! कडकडून टाळ्या. “मनाचा मोठेपणा बघा,” प्राचार्य म्हणाले. ती पोरगी कोण, आता कुठे आहे, एकाने, एका माणसाने विचारलं नाही. कोंडाजीला वाटलं ही शाल इथेच टाकावी आणि पळत सुटावं.

त्याने फोन नंबर मिळवला. “चैताली, मी मामा बोलतोय. ग्रंथालयातला.” आणि सगळं सांगितलं. त्या टिकचं, वायरीचं, भर सभेत कबूल केल्याचंसुद्धा.

तिच्या मागे कंपनीतला खडखडाट ऐकू येत होता.

“सभेत बोललात, बरं केलंत. टाळ्या पडल्या असतील.”

“पडल्या,” कोंडाजी म्हणाला. लाजून मेल्यासारखं झालं त्याला.

“मामा, मी फेरविचाराचा अर्ज केलाय. कॉलेजचं संशोधन केंद्र म्हणतं, चूक ग्रंथालयाची होती ह्याचा कागद आणा. तीस तारीख शेवटची. त्यानंतर विषय बंद. तोंडी मला काय उपयोग? लिहून द्या.”

लिहून! बोलणं हवेत विरतं, कागद सर्व्हिसबुकात जातो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, एकतीस वर्षांत एक मेमो नाही. शिबिराला दांडी मारून प्रमाणपत्र घेतल्याचंही त्यात लिहावं लागणार. मीना म्हणाली, “सांगितलं ना एकदा सगळ्यांदेखत? आता हात दाखवून अवलक्षण कशाला?” कोंडाजीलाही ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याने चार दिवस काढले. रोज कागद पुढे घ्यायचा, तारीख घालायचा आणि फाडायचा.

अठ्ठावीस तारखेला त्याने एका बैठकीत सगळं लिहिलं. टिक, सदतीस निबंध, शिबिर, समितीपुढचं मौन, स्वतःचं पूर्ण नाव. ऑफिसात आवक टेबलावर कारकून सुनील होता. त्याने वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“मामा, वेड लागलंय का? चौकशी लागेल. घरी न्या, उद्या विचार करून आणा.”

“त्या पोरीचं वर्ष गेलंय, सुनील. अजून एक जाईल.”

सुनील शिक्का हातात धरून थांबला. “एकदा आवक झालं की परत घेता येत नाय बरं.”

“मार,” कोंडाजी म्हणाला. त्याने कागद सुनीलपुढे सरकवला. “उद्या मला धीर राहील का नाय, सांगता येत नाय. आत्ताच मार.”