बाथरूमची आतली कडी

शेजारचे पानसेकाका स्क्रू ड्रायव्हर मागायला आले, तेव्हा मी विचारलं, "का, कुणाशी भांडण झालंय?" माझा स्वभावच तसा. शिवाय कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, की श्यामसुंदर पानसे या गृहस्थांनी आयुष्यात बल्बसुद्धा बदललेला नाही. पोस्टात चौतीस वर्षं काढली, अक्षर मोत्यासारखं, पण हातात हातोडी आली की ती पडायची अंगठ्यावरच. घरातली दुरुस्ती श्यामलाकाकू करायच्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. फ्यूज उडो की नळ गळो, काकू कामाला लागायच्या आणि काका शेजारी बॅटरी धरून उभे, तीही भलतीकडेच.

गेली तीन वर्षं काकूंची स्मृती जात चालली होती. आधी मंडईतून येताना त्या रस्ता चुकल्या. पुढे नातवाचं नाव गेलं. दिवाळीपासून त्या काकांनाच विचारू लागल्या, "आपण कोण?"

मंगळवारी त्यांनी बाथरूमची कडी आतून लावली आणि ती काढायची कशी तेच विसरल्या. दीड तास काका बाहेरून सांगत होते, "कडी वर उचल. आता डावीकडे सरकव." तेव्हा कुठे ती निघाली. भिंतीपलीकडून मला ते ऐकू येत होतं. मला वाटलं भांडतायत, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी खराडीहून लेक आली, तनया. म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा जरी असं झालं ना, तर आईला केअर सेंटरला ठेवायचं. तुम्हाला हे झेपत नाहीये." म्हणजे कडी निघाली तरच काकू घरात राहणार. सुताराचं ते पाच मिनिटांचं काम. पण कडी का काढायची, हे सुताराने विचारलं असतं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. निम्मी गल्ली काकूंच्या हाताखाली शिकलेली. त्या विद्यार्थ्यांसमोर काकूंचं हसं झालेलं काकांना सोसलं नसतं. म्हणून त्यांनी स्वतःच करायचं ठरवलं.

पुढचं सगळं मला काकांनीच सांगितलं, जिन्यात बसून.

ते दारापाशी स्टुलावर बसले आणि पहिलाच स्क्रू उलटा फिरवायला लागले. मागे काकू येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मिस्त्री, घट्ट करताय तुम्ही तो. डावीकडे फिरवा. आणि आधी तेलाचा थेंब सोडा, गंजलाय."

काकांनी खोबरेल तेल आणलं. स्क्रू करकरला आणि हलला.

"नवीन दिसताय या कामात," काकू म्हणाल्या. "आमचे हे तुमच्यासारखेच. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत खाली आणतील."

"कुठे असतात ते?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"ऑफिसात. येतील सहापर्यंत." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण माणूस फार चांगला हो. कधी आवाज चढवून बोलले नाहीत मला. तोंडावर नाही सांगत मी, डोक्यावर बसतील."

"नाव काय त्यांचं?"

काकू मान खाली घालून हसल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. "नाव नाही घेत मी," त्या म्हणाल्या. ते नाव त्यांच्या डोक्यात अजून आहे की गेलं, हे काकांना कळायला आता काही मार्ग नाही. हे सांगताना ते पहिल्यांदा रडले.

शेवटच्या स्क्रूची खाच त्यांनी पार घासून टाकली. मग जोर लावला, तर कडीबरोबर लाकडाचा ढलपाच निघून आला.

"वा," काकू म्हणाल्या. "दार तरी ठेवलंत, उपकार झाले."

तासाभराने त्या बाथरूमकडे निघाल्या. आत जाऊन त्यांनी दार लोटलं, कडी चाचपली आणि पुन्हा बाहेर डोकावल्या.

"कडी कुठंय?"

"बदलायची आहे. उद्या नवी आणतो," काका खोटं बोलले. "तोवर मी थांबतो इथे. कुणी येणार नाही."

"तुम्ही कसे थांबणार? परका माणूस. हे घरी असते तर हरकत नव्हती." त्या दाराला धरून घुटमळल्या. शेवटी नाइलाजाने म्हणाल्या, "बरं. पण तिकडे तोंड करा."

लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेले काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दार लोटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने आतून काकूंनी विचारलं, "बघत नाही ना तुम्ही?"

"नाही बाई," काका म्हणाले.